पत्नीचे संमतीपत्र, साक्षीदार मी

अर्जदार : मी स्वतः. वय बावन्न. व्यवसाय अर्जलेखन. राहणार चामराजपेट, बेंगळुरू. नाव देत नाही.

जिच्याविषयी लिहीत आहे ती : माझी पत्नी. वय अठ्ठेचाळीस. व्यवसाय घरच्या घरी शिवणकाम, मुख्यत्वे ब्लाउज. नाव देत नाही.

साक्षीदार क्रमांक एक : भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कन्नड अक्का. साक्षीदार क्रमांक दोन : जे. पी. नगरातील एका इस्पितळातील डॉक्टरीणबाई. दोघींचीही नावे देत नाही.

तारखा : सर्व माझ्या डायरीत आहेत. येथे देत नाही.

नाव, तारीख आणि साक्षीदार नसलेला कागद म्हणजे रद्दी, हे मी गेली तीस वर्षे कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलावर बसून लोकांना सांगत आलो. माझी शाळा नववीत सुटली, परंतु मी लिहिलेला अर्ज त्रुटी काढून परत आला असे उदाहरण नाही. पदवीधर लोक माझ्याकडे मसुदा दाखवायला येतात. अशा माणसाला आज सगळी नावे गाळून लिहावे लागते, कारण एकदा मी एक नाव पूर्ण लिहिले, वय आणि पत्त्यासह, आणि त्यामुळे माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया राहून जाण्याची वेळ आली.

प्रथम माझ्या ध्यानात आले ते हे, की ती हसेनाशी झाली आहे. जेवताना मी दिवसभराच्या हकिकती सांगतो. कोणी मेलेल्या बापाच्या नावाने तक्रार लिहून मागतो, कोणी शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध. पूर्वी ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. पुढे पुढे ओठ घट्ट मिटून उठून जाऊ लागली. याचा अर्थ मी अनादर असा लावला. बाईला नवऱ्याची किंमत राहिली नाही की ती प्रथम त्याच्या विनोदाला हसणे सोडते, असे माझे मत होते.

नंतर इतर गोष्टी जुळू लागल्या. आमची मुलगी बोम्मसंद्र्याला दिली आहे. होसूर रोडवर बस तासन्‌तास तुंबते हे खरे, पण म्हणून आईने मुलीकडे जाणेच बंद करावे? बाहेर पडायचे असेल त्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नसे. फिक्या रंगाच्या साड्या ट्रंकेत गेल्या. परकर गच्चीवरच्या दोरीवर न वाळता मागे न्हाणीघरात, दाराआड वाळू लागले. शिंक आली की ती धावत जाऊन चौकट धरी आणि पाय एकमेकांत अडकवून उभी राही. आणि दर मंगळवारी अक्कांबरोबर रिक्षाने कुठेतरी जाऊन दोन तासांनी परत येई. विचारले तर म्हणे, "दोरे आणायला." दोऱ्याचे दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे.

मी शिवणयंत्राचा खण उघडला. हे कृत्य बरे नव्हे हे मला माहीत आहे, परंतु पुरावा कधी आपल्या पायाने चालत येत नाही. आत एक वही होती. तिच्या अक्षरात लिहिले होते :

सकाळी ६.१० – २५०. ७.०५ – खोकला, थोडे. ९.४० – १५०. ११ – बादली, जास्त. दुपारी ४ – हसू, जास्त.

असे तीन दिवस.

मी वही जागेवर ठेवली आणि विचार करीत बसलो. सकाळी सातला खोकतो तो मी. म्हणजे माझ्यावर पाळत आहे. पण दुपारी चारला मी टेबलावर असतो. मग दुपारी चार वाजता माझ्या घरात हसले कोण, आणि तेही 'जास्त'?

त्या संध्याकाळी जेवताना मी सरळ विचारले, "चारला आपल्या घरी कोण हसलं?"

तिचा घास हातात राहिला. "खण उघडलात?"

"प्रश्नाला प्रश्न हे उत्तर नव्हे."

"मी हसले. अक्का त्यांच्या जावयाची नक्कल करत होत्या."

"तू? तू तर हसतच नाहीस."

"तुमच्यासमोर हसत नाही." तिने घास ताटात ठेवला. "हसले की लघवी गळते. खोकले की गळते. पाण्याची बादली उचलली की गळते. डॉक्टरांनी तीन दिवसांचं लिहून आणायला सांगितलं होतं, किती वाजता, किती, आणि कशानं गळली. ते आकडे मापाच्या भांड्याचे. झालं समाधान? का यावर शिक्का पाहिजे?"

"किती दिवस हे?"

"नऊ वर्षं."

येथे मी खरे तेच लिहितो. माझ्या मनात प्रथम दया आली नाही. नऊ वर्षे माझ्याच घरात माझ्यापासून एक गोष्ट लपवली गेली, हे आले. मी म्हटले, "अक्कांना सांगितलंस, मला नाही?"

ती म्हणाली, "अक्का अर्ज लिहीत नाहीत."

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. रिक्षात अक्का मध्ये बसल्या. त्यांनी बजावले, "अण्णा, तिथं तुमी स्वल्प कमी बोला. सरी?"

डॉक्टरीणबाई सीमाभागाकडच्या निघाल्या, मराठी बोलणाऱ्या. मला वाटले होते त्याहून वयाने लहान. पत्नीने चार महिने फिजिओथेरपीच्या बाईंकडे जाऊन ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे व्यायाम केले होते. मंगळवारचे दोरे ते हे. गळती कमी झाली होती, थांबली नव्हती. लघवीची तपासणी झाली होती, खोकायला लावूनही पाहिले होते. व्यायामाने भागले नाही म्हणून आता शस्त्रक्रियेचा विचार, असे बाई म्हणाल्या. मला लगेच वाटले, शेवटी आल्याच सुरीवर.

त्यांनी कागदाच्या पाठीवर मडक्यासारखे काहीतरी काढले. "ही लघवीची पिशवी, ही खालची नळी. नळीला खालनं आधार असतो. बाळंतपणं, वय, यानं तो ढिला पडतो. खोकलं की पोटातनं दाब येतो, आणि नळी मिटून राहत नाही."

"नेफा सैल झाला म्हणायचा," पत्नी म्हणाली.

"तसंच समजा की. मग नळीखाली झोळीसारखी पट्टी घालायची. ती दोन प्रकारची. एक तयार मिळते, कृत्रिम धाग्याच्या जाळीची. छेद अगदी लहान, लवकर घरी जाता. दुसरी तुमच्याच पोटाच्या स्नायूवर एक चिवट अस्तर असतं, त्यातनं कापून काढायची. त्याला पोटावर आडवा छेद, बरं व्हायला जास्त दिवस, काही जणींना सुरुवातीला लघवी सुटायला अडचण येते, थोडे दिवस लघवी काढायला बाहेरनं वेगळी नळी घालून ठेवावी लागते."

"आणि तिसरा मार्ग?" मी विचारले. मला प्रत्येक प्रकरणात तिसरा मार्ग असतो हे अनुभवाने ठाऊक आहे.

"तिसरा, पिशवीचा गळा टाक्यांनी वर उचलून बांधायचा. तो पोटातनं करतात, दुर्बिणीनंही होतो. पुढं कधी योनीचा मागचा भाग खाली उतरण्याची थोडी भीती असते. चौथा म्हणजे नळीच्या भिंतीत इंजेक्शन देऊन ती फुगवायची. सगळ्यांत सोपं, पण कालांतरानं ओसरतं, परत द्यावं लागतं."

"त्या जाळीचं प्लास्टिक किती वर्षं टिकतं?"

"कायमचं. फायदा तोच आणि तोटाही तोच. बहुतेक बायकांना काही होत नाही. पण काहींना ती आत घासते, योनीत उघडी पडते, दुखतं. मग सगळी काढणं फार अवघड. परदेशात बायका कोर्टात गेल्या, काही ठिकाणी वापर थांबवला."

मी खुर्चीत ताठ बसलो. आपल्या बाजूचे दोष आपणहून सांगणाऱ्या माणसाकडे मी दुप्पट संशयाने बघतो. जो एवढे उघड करतो, त्याने त्याच्याहून मोठे काहीतरी मागे ठेवलेले असते. मी म्हटले, "हे सर्व आपण लेखी द्याल?"

"काय हो, वकील आहात का?"

"अर्जलेखक."

"मग जास्त अवघड," त्या हसल्या. "तुमचे प्रश्न असतील ते लिहून आणा. लोक विसरतात ऐन वेळी. मी उत्तरं देईन."

लिहून आणा. हे दोन शब्द त्यांनी कोणाला उद्देशून उच्चारले याची त्यांना कल्पना नव्हती.

दोन दिवस मी टेबलावरची कामे बाजूला सारली. कन्नडमध्ये, तीन प्रतींत, सतरा प्रश्नांचा अर्ज तयार केला. जाळी कोणत्या कंपनीची, ती काढावी लागल्यास कोण काढणार, आपण स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या, काही वाईट झाल्यास कळवण्याची पद्धत कोणती. प्रश्न आजही मला योग्य वाटतात. अर्जाच्या डोक्यावर नियमाप्रमाणे विषय लिहिला : अमुक यांची पत्नी अमुक, वय अमुक, राहणार अमुक, यांस हसताना, खोकताना व वजन उचलताना होणाऱ्या लघवीच्या गळतीवरील शस्त्रक्रियेबाबत. नाव ठळक, खाली रेघ.

तो कागद मी डॉक्टरीणबाईंच्या हातात द्यायला हवा होता. परंतु हातात दिलेल्या कागदाला साक्ष नसते. अर्ज आवक खिडकीवर द्यावा, एका प्रतीवर शिक्का व सही घ्यावी, ती प्रत जपून ठेवावी, हे मी हजारो लोकांना शिकवले आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांच्या दिवशी पत्नीला बाकावर बसवून मी इस्पितळाच्या मुख्य खिडकीशी गेलो आणि तीन प्रती आत सरकवल्या.

खिडकीतल्या मुलीने असा कागद कधी पाहिला नसावा. तिने तो उलटसुलट केला. "इदु यारदु?" हा कोणाचा, असे विचारून तिने माझ्याकडे न बघता विषय मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिला वाटले नवीन रुग्णाची नोंदणी आहे. मग तिने माझ्या पत्नीचे नाव, पूर्ण नाव, बाकांच्या दिशेने पुकारले आणि वर कन्नडमध्ये विचारले, "लघवी गळते त्या तुम्हीच का?"

सगळी माणसे वळली. त्यात आमच्या समाजाच्या भजनी मंडळातल्या एक बाई होत्या, ज्यांचे ब्लाउज माझी पत्नी शिवते.

पत्नी उठली. पर्स काखेला लावली आणि दाराबाहेर गेली. मी शिक्क्यासाठी थांबलो. हेही येथे नमूद करतो. मी शिक्का घेतला आणि मग तिच्या मागे गेलो.

आम्ही रिक्षाने परतलो. घरी येऊन तिने इस्पितळाची फाईल दोऱ्यांच्या डब्याखाली ठेवली आणि म्हणाली, "माझ्या दुखण्याला तुम्ही आवक क्रमांक लावून आलात. आता मला काही करून घ्यायचं नाही."

"प्रश्न तुझ्याच हिताचे होते."

"प्रश्न तुमचे होते. गळते मी."

अक्का भिंतीवरून ओरडल्या, "अण्णा, जिबेला पण एक टाका घाला कुणीतरी!"

ती खरोखर गेली नाही. मंगळवार आले आणि गेले. व्यायामाची सतरंजी गुंडाळलेली राहिली. शिवताना ती मधूनच उठे, आणि आता कुठे आणि का जाते हे मला ठाऊक असल्यामुळे ते बघणे अधिक कठीण झाले. मला पूर्वी काही कळत नव्हते तेच बरे होते असे वाटण्याइतका मी खाली आलो.

तीनेक आठवड्यांनी त्या भजनी मंडळाच्या बाई ब्लाउज न्यायला आल्या. मी ओळखले, बातमी काढायला आल्या. मी वर्तमानपत्र उघडून आतल्या खोलीच्या दाराशी बसलो. माप, हूक, बाही असे बोलणे झाले आणि त्यांचा आवाज खाली आला.

"वहिनी, मी त्या दिवशी तिथं कशाला बसले होते, विचारलं नाहीत तुम्ही."

"कशाला?"

"त्याचसाठी. मला इंजेक्शन दिलं होतं. वर्ष-दीड वर्ष छान होतं. आता पुन्हा सुरू. भजनात टाळ्या देताना सुद्धा भीती." मग त्या म्हणाल्या, "तुमचं नाव पुकारलं ना, मी मनात म्हटलं, देवा, माझं नको."

आतून काहीतरी आवाज आला. रडणे की हसणे, ते दाराबाहेरून ठरवता आले नाही. मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि म्हटले, "म्हणजे माझ्या अर्जामुळे निदान दोघींना..."

"तुम्ही बाहेर जा," पत्नी म्हणाली. मी बाहेर गेलो.

पुढचे मला विचारून झाले नाही. ती अक्कांबरोबर पुन्हा जाऊ लागली. मला एवढेच कळले की डॉक्टरीणबाईंनी माझ्या अर्जाच्या एका प्रतीवर, समासात, सतराही प्रश्नांची उत्तरे पेन्सिलीने लिहून दिली होती. दिली होती ती तिला, मला नाही. ती प्रत मी पाहिलेली नाही. खण मी उघडलेला नाही.

दाखल होण्याच्या दिवशी मात्र तिने मला बरोबर घेतले. खाटेवर बसून तिने संमतीपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले, मधे दोन वेळा नर्सला थांबवून विचारले, सही केली, आणि शेवटचे पान उघडून माझ्यासमोर धरले. बाकीची पाने तिने तळहाताने झाकून ठेवली होती.

"साक्षीदाराची सही पाहिजे. इथं करा."

"वाचू दे."

"नाही."

"न वाचता मी आजपर्यंत सही केलेली नाही. कोणाला करू दिलेली नाही."

"साक्षीदारानं काय बघायचं असतं? तुम्हीच सांगता ना लोकांना?"

मी सांगतो ते असे, की साक्षीदार मजकुराचा नसतो, सहीचा असतो. सही करणाऱ्याने शुद्धीत, स्वखुशीने सही केली एवढेच त्याने पाहायचे. तिला ते पाठ होते.

"जाळी आहे का यात, एवढं तरी सांग."

"मी वाचलंय," ती म्हणाली. "तुम्ही साक्षीदार आहात. अर्जदार मी."

नर्स घड्याळाकडे बघत होती. अक्का पिशवीतून उगाच डबे काढत होत्या. मला त्या झाकलेल्या पानांचा संशय होता, नर्सच्या घाईचा होता, खालच्या बारीक अक्षरांचा होता. फक्त तिने ते कागद नीट वाचले याचा नव्हता. मी सही केली. तारीख घातली. माझी सही साधारणपणे वळणदार असते. त्या दिवशी ती शेवटच्या अक्षरात वाकडी झाली.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं व्यवस्थित. पोटावर छेद आहे, नळी चारपाच दिवस राहील."

पोटावर छेद. म्हणजे जाळी नव्हे, स्वतःच्या अस्तराची पट्टी. माझी छाती फुगली. मी म्हटले, "म्हणजे माझ्या अर्जातला जाळीसंबंधीचा मुद्दा तिला पटला."

"तसं काही बोलल्या नाहीत त्या," बाई म्हणाल्या. "मी त्यांना म्हटलं, जाळीही चांगली आहे, तुमचा निर्णय. तर मलाच शिकवायला लागल्या. म्हणे, ठिगळ लावायचं तर त्याच थानाचं कापड घ्यावं, म्हणजे धुतल्यावर दोन्ही सारखंच आटतं. मी म्हटलं, पण ते कापड पोटातनं काढावं लागेल. म्हणाल्या, काढा, तिथं मार्जिन आहे." बाई हे सांगताना हसत होत्या. मला हसू आले नाही. सतरा प्रश्नांमध्ये तो एक मला सुचला नव्हता.

नळी निघाली. पहिले काही दिवस लघवी सुटायला वेळ लागे आणि मी न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून, चुकले, हे चुकले, असे मनात म्हणत असे. एकदा आतून आवाज आला, "दाराशी उभं राहू नका, त्यानं आणखी अडतं." हळूहळू ते सुरळीत झाले. सहा आठवडे वजन उचलायचे नव्हते, म्हणून पाण्याच्या बादल्या मी भरल्या. अकरा वाजताची ती बादली, वहीत 'जास्त' लिहिलेली, ती किती जड असते हे मला तेव्हा समजले. नऊ वर्षे ती तिने उचलली आणि मी टेबलावर बसून पाण्याच्या कमतरतेविरुद्ध दुसऱ्यांचे अर्ज लिहिले.

अलीकडेच एका संध्याकाळी जेवताना मी तिला सांगत होतो, की कोंबड्याविरुद्धचा तो माणूस परत आला आणि आता कोंबडा ओरडत नाही अशी तक्रार लिहून मागतो. ती हसली. मोठ्याने हसली. सवयीने अर्धवट उठली, एक हात पोटावरच्या व्रणाकडे गेला, दुसरा चौकटीकडे. मग चौकट सोडून ती पुन्हा पाटावर बसली आणि भात कालवू लागली. मी विचारले, "माझ्यामुळेच सांगितलं नाहीस ना, नऊ वर्षं?" ती म्हणाली, "जेवा." तेव्हा हा कागद.

प्रति, माझी पत्नी, यांस :

उपरोक्त हकिकतीत मी खण उघडला, नाव लिहिले, आणि शिक्क्यासाठी थांबलो, हे तिन्ही आरोप अर्जदारास मान्य आहेत. समासातील पेन्सिलीची उत्तरे दाखवावीत अशी मागणी नाही. मागणी एकच. नऊ वर्षे हसणे बंद ठेवलेस, ते दुखण्यामुळे की मी त्याचे काय करीन या भीतीमुळे, याचा खुलासा व्हावा. या दोहोंपैकी दुसरे कारण असल्यास अर्जदार ते ऐकून घेईल आणि त्यावर फेरअर्ज करणार नाही.

उत्तरास मुदत नाही. लेखी नको, तोंडी चालेल. साक्षीदाराची आवश्यकता नाही.

कळावे, ही विनंती.